मागच्या कोठीतल्या तीन बरण्या

दुर्गाकाकूंनी मला पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात लाकडी डाव होता, आणि डावाच्या टोकाला ओल्या कागदासारखं काहीतरी पांढुरकं, लिबलिबीत लोंबत होतं.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "आणि हे वहीत लिहू नकोस."

मी दार लावलं. मार्गशीर्षातली सकाळ होती, सहा-सव्वासहाची. मागच्या कोठीला खिडकी नव्हती, वर एक झरोका तेवढा होता. त्याच्या उजेडात चिनी मातीच्या तीन बरण्या भिंतीशी उभ्या होत्या आणि मधलीचं फडकं सोडलेलं होतं. काकूंनी डाव बादलीत झटकला, बरणीचा गळा आतून-बाहेरून पुसला, फडकं पुन्हा बांधलं आणि सुतळीची गाठ आधी होती तशी उजवीकडे घेतली. इतक्या स्वच्छ हातांनी केलेली चोरी मी पुन्हा पाहिली नाही.

"बुरशी?" मी विचारलं.

"तिन्हींवर. पोरीला अजून माहीत नाही." काकूंनी बादली पदराआड घेतली. "आणि सरोजिनीबाईंना कळता कामा नये."

मिरजेतल्या आमच्या महिला मंडळात आम्ही अठराजणी होतो. पापड, लोणची, मुरांबे, जॅम आणि हिवाळ्यात टोमॅटोचा सॉस. माझ्याकडे बरण्यांची वही होती. बरणीला नंबर, तारीख, माल, वजन, वास आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्याच्या रकान्यात मी दोन शब्दांपेक्षा जास्त कधी लिहिलं नाही. बाकीचे शेरे मनात. तिथे बरण्यांबरोबर बायकांच्याही नोंदी असत. कोण पापड लाटताना सुनेचं नाव किती वेळा घेते, कोण मुरांब्याची चव बघता बघता पोट भरते, कोणाचं डोकं नेमकं भांडी घासायच्या वेळी दुखतं. दुर्गाकाकूंच्या नावापुढे मात्र माझ्याजवळ टिंगलीचं काही नव्हतं. साठी उलटलेली, निपुत्रिक विधवा बाई. बावीस वर्षं लोणची घातली आणि एक बरणी बिघडली नाही. काकूंच्या हाताला गुण आहे, असं सगळ्या म्हणायच्या. काकू स्वतः काही म्हणत नसत. पण कोणी म्हणालं की मोहरी फेसताना त्यांचा हात जरा जोरात फिरे.

सरोजिनीबाई आमच्या अध्यक्ष. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण ते त्यांना कोणी कळवलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एकीने घातलेल्या, एका वसतिगृहाला दिलेल्या लिंबाच्या लोणच्यावर बुरशी निघाली आणि लोणचं परत आलं. त्या दिवशी त्यांनी पुढच्या खोलीतल्या फळ्यावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'बुरशी दिसताच बरणी सर्वांसमक्ष रिकामी करावी. बनवणारीने त्या मालाला पुन्हा हात लावू नये.' फळ्यावर रोज काही ना काही बदलायचं. त्या दोन ओळी कोणी पुसत नसे.

त्या बरण्या गौरव्वाच्या होत्या.

गणपती उठल्यावर तिचा भाऊ इराप्पा तिला आमच्याकडे घेऊन आला होता. संकेश्वराकडची लिंगायतांची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची. नवरा प्यायचा, आणि प्यायल्यावर जे करायचं ते करायचा. भावाच्या दोन खोल्यांत त्याची बायको, चार मुलं आणि म्हातारी आई. कोणीतरी आमच्या मंडळाचं नाव सांगितलं, म्हणून आला. मंडळाच्या माडीवर एक खोली रिकामी होती. इराप्पा भला माणूस होता. बोलताना टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि टोपीशीच बोलत असल्यासारखा टोपीकडे बघायचा. सासरकडचे दर आठवड्याला निरोप पाठवतात, म्हणाला. नांदायला पाठवा. आपण किती दिवस नाही म्हणायचं.

गौरव्वाला आम्ही गौरा म्हणायचो. ती बोलायला लागली की आमच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. सीमेकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःला 'मी करतो, मी येतो' म्हणायची. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नव्हती. पहिल्याच दिवशी माझी नजर तिथे गेली आणि माझी नजर गेलेली तिने बघितली.

"सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात न्हवं वहिनी?" ती म्हणाली. "माझं एक बोट कायमचं सरळ करून ठेवलंय मालकांनी."

मी हसले. हसल्यावर मला कसंतरी झालं. ती मात्र तशीच हसत अननस सोलत राहिली.

सॉस आंबट व्हावा, टिकावा म्हणून आम्ही औषधाच्या दुकानातून ॲसिडची बाटली आणायचो. झाकण उघडलं की अर्ध्या बायका खोकत अंगणात. आणि जॅमच्या अननसांच्या साली, पेरूंचा चोथा रोज दोन पाट्या गुरांपुढे जायचा. गौराने आठच दिवस ते पाहिलं. मग सरोजिनीबाईंना म्हणाली, हे टाकू नका, याचा शिरका करतो, तुमचं ते व्हिनेगर. लग्नाआधी तिने तीन महिन्यांचा सरकारी फळप्रक्रियेचा वर्ग केला होता. त्याचा कागद ती ट्रंकेच्या तळाशी, पोलक्यांच्या घडीत ठेवायची. नवऱ्याने तिच्या बाकीच्या वस्तू जाळल्या होत्या. कागद तेवढा राहिला होता, कारण तो काय आहे हे त्याला वाचता आलं नव्हतं.

सरोजिनीबाईंनी कागद वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि अट घातली. दसऱ्याला बरण्या भर. संक्रांतीनंतर सॉस सुरू होईल, तेव्हा व्हिनेगर तयार पाहिजे. झालं तर तू सभासद, माडीवरची खोली तुझी. नाही झालं तर भावाला बोलावू. मंडळ म्हणजे आश्रम नव्हे.

"होतंय की," गौरा म्हणाली. "साली आपलं काम करत्यात. आपण फक्त मधी मधी करायचं न्हाई."

दसऱ्याला तिने बरण्या भरल्या. साली, गूळ, उकळून गार केलेलं पाणी, वर फडकं. वीस-बावीस दिवस आतून बुडबुडे येत होते आणि कोठीतून पिकल्या फणसासारखा वास यायचा. मग तिने सगळं गाळलं, साली फेकल्या, पाणी पुन्हा बरण्यांत भरलं, फडकी बांधली आणि बरण्या मागच्या कोठीत नेल्या. पुढे उजेड आहे, वारा आहे, मागे कशाला, असं मी विचारलं. तिथं कुणाची ये-जा न्हाई, एवढंच म्हणाली. आणि आता कुणी हात लावायचा नाही, हलवायचं नाही. मीसुद्धा आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारीच उघडून बघणार, म्हणाली. 'नवी आहे, लाजते,' असा शेरा मी मनात मारला.

दुर्गाकाकूंचा तिच्यावर जीव बसला होता. का बसला हे विचारण्यात अर्थ नाही; तीस वर्षं न वापरलेली माया होती, कोणावर तरी बसणारच. गौरा संध्याकाळी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायची. काकू तिच्यासाठी घरून डब्यात मऊ भात आणायच्या आणि 'उरला होता' म्हणायच्या. एकट्या बाईच्या घरी रोज भात उरतो, असं म्हणणारी सुगरण मी दुसरी पाहिली नाही.

आणि अशा बाईने, ज्यांच्या नाकाला शंभर पावलांवरून बिघडलेली बरणी कळायची त्यांनी, एका सकाळी मागच्या कोठीतलं फडकं सोडून पाहिलं.

"वर तवंगासारखं धरलंय," काकू मला सांगत होत्या. "आज पातळ आहे. चार दिवसांत जाड होईल, आत उतरेल, मग संपलं. वेळीच काढलं, काठ कोरडा ठेवला, की वाचतं. माझ्या सासूने शिकवलंय मला. कैरीचं लोणचं मी असंच वाचवलं होतं, नवीन होते तेव्हा."

"तिला सांगायचं नाही?"

"सांगितलं तर ती सरोजिनीबाईंना सांगेल. खोटं बोलायचं वळण नाही तिला. मग त्या फळ्यावर बोट ठेवतील." काकूंनी बादली उचलली. "तू सकाळी दाराशी उभी राहा, कुमुद. बाकी माझं मी बघते."

मी उभी राहिले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. रोज सहाला यायचं, दाराची कडी हळू लावायची, काकू डावाने वरचं अलगद काढतात ते बघायचं. कोणासाठी तरी गुपित राखण्यात एक ऊब असते. थंडीत ती बरी वाटते. त्या तीन बरण्यांसमोर वहीत मी रोज शेरा लिहायचे: 'स्वच्छ'.

पौष लागला तशी गौरा हसायची कमी झाली. रविवारी दुपारी ती कोठीत जायची, फडकी सोडायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. एका रविवारी बाहेर आली ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली. मी लेबलं चिकटवत होते.

"वहिनी, तुम्ही रोज नोंद करताय न्हवं बरण्यांची?"

"करते की."

"फडकं कधी उचलून बघितलाय का?"

मी खळीचं बोट पुसलं. तिला कुणकुण लागली असावी, असं मला वाटलं. "बघते अधूनमधून," मी म्हणाले.

"वर काय दिसलं का? काय धरल्यालं? थोडं जरी?"

तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. एवढी भीती मी कोणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती आणि मला तिची दया आली. काकूंचा शब्द होता, तिची खोली होती, आणि मला थाप मारायला मुळीच त्रास पडत नसे.

"काही नाही गं," मी म्हणाले. "आरशासारखं स्वच्छ आहे. वही बघ हवी तर."

तिने वही बघितली. बोटाने ओळीमागून ओळ. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ. मग डोळे मिटले आणि हळूच श्वास सोडला. जीव भांड्यात पडला पोरीचा, असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी तिने आपली वाकळ खाली आणली आणि तिन्ही बरण्यांभोवती गुंडाळली. थंडी बाधतेय त्यांस्नी, म्हणाली. तिच्याजवळ पांघरायला ती एकच होती. मी तिला चिडवलं, की बाई, बरण्यांचं बाळंतपण करतेस की काय, शेक-शेगडी पण दे. दुसऱ्या दिवशी ती खरोखरच निखाऱ्यांची शेगडी घेऊन आली आणि कोठीच्या कोपऱ्यात ठेवली. स्वतः माडीवर दोन लुगडी अंगावर घेऊन झोपायची. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

वाकळीच्या उबेने काकूंचं काम वाढलं. आज काढलेलं उद्या हजर, आणि आधीपेक्षा चिवट. डावाला चिकटून चकतीच्या चकती वर यायची. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. पाच दिवसांवर संक्रांत आली होती.

"मेली रोज येतेय," त्या म्हणाल्या. "आता मिठाशिवाय इलाज नाही."

त्या सोमवारी काकूंनी घरून भाजलेलं मीठ आणलं. प्रत्येक बरणीत दोन-दोन ओंजळी टाकल्या आणि लांब दांड्याच्या डावाने तळापासून ढवळलं. ढवळताना पुटपुटत होत्या. मला वाटतं रामरक्षा असावी. मंगळवारी फडकं सोडलं तर वर काहीही नव्हतं. बुधवारी नव्हतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांनी हसल्या. मिठापुढे कोणाचं चालत नाही, म्हणाल्या. मीही हसले. माझ्या हिशेबाने काकूंच्या त्या एक्कावन्न सकाळी झाल्या होत्या.

गौराने मात्र मंगळवारी सरोजिनीबाईंकडे जाऊन अजून एक महिना मागितला. का, ते सांगितलं नाही. थंडी जास्त आहे एवढंच. सरोजिनीबाई म्हणाल्या, टोमॅटो थंडीसाठी थांबत नाहीत.

किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिन्ही बरण्या पुढच्या खोलीत आणल्या. इराप्पा आला होता, टोपी गुडघ्यावर. अठराजणी भिंतीला टेकून बसल्या. काकू माझ्या शेजारी होत्या. पदराखाली त्यांचे हात जोडलेले होते. गौराने पहिलं फडकं सोडलं. पाणी सोनेरी होतं, तळाचा डाग दिसेल इतकं नितळ. काकूंनी मला कोपराने हलकेच ढोसलं.

सरोजिनीबाईंनी पेल्यात थोडं घेतलं, नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. मग पेला खाली ठेवला आणि दुसऱ्या बरणीतलं घेतलं. तिसऱ्या बरणीतलं घेतलं नाही.

"गौरव्वा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ही दारू आहे."

वास तोवर सगळ्यांपर्यंत आला होता. आमच्यातल्या निम्म्याजणी तो वास घरी ओळखत होत्या. त्यांनी तेवढ्या माना खाली घातल्या.

सरोजिनीबाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे अठरा बायका होत्या, सरकारी परवाना होता, गल्लीतली माणसं होती. महिला मंडळात दारू सापडली हे वाक्य चौकात कसं फिरेल ते त्यांना ऐकू येत होतं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या की बरण्या आत्ताच्या आत्ता मोरीत रिकाम्या करा, आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये. गोष्ट दुपारपर्यंत बाजारात होती.

इराप्पा उठला. टोपी डोक्यावर ठेवली. त्याचा चेहरा माराने सुजल्यासारखा दिसत होता.

"ज्याच्यापायी घर सोडलीस," तो बहिणीला म्हणाला, "तेच इथं बसून करत होतीस?"

गौरा पेल्याकडे बघत होती. मग तिने तो उचलला आणि एक घोट घेतला. मी तिच्याकडेच बघत होते म्हणून मला दिसलं. घोट घेतल्यावर ती थांबली. जीभ टाळ्याला लावून पुन्हा चव घेतली. तिच्या भुवया जवळ आल्या, आणि मग तिने मान वर करून आधी दुर्गाकाकूंकडे पाहिलं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"चुकलं माझं," ती सरोजिनीबाईंना म्हणाली.

तिने स्वतः एकेक बरणी मोरीपर्यंत नेली. तिसऱ्या वेळी काकू उठून मदतीला गेल्या. बरणीच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला ती.

संध्याकाळच्या एसटीने ती जायची होती. ट्रंक पोचवायला कोणी पुढे येईना, म्हणून मी गेले. इराप्पा गाडीची चौकशी करायला खिडकीकडे गेला तेव्हा आम्ही दोघी बाकावर होतो. थंडी पडायला लागली होती. तिची वाकळ ट्रंकेवर दोरीने बांधलेली होती.

"मीठ काकूंनी घातल्या न्हवं?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. आता लपवायचं काय? उलट तिला कळावं असंच मला वाटत होतं, की आम्ही तिच्यासाठी काय काय केलं. रोज सहाला यायचो. काकू डावाने वरची बुरशी काढायच्या, काठ पुसायच्या, तुझी सुतळीची गाठसुद्धा तशीच बांधायच्या. एक्कावन्न दिवस, गौरा. एक दिवस चुकला नाही. एकादशीला सुद्धा.

ती ऐकत होती. मी थांबल्यावर तिने ट्रंकेवरच्या दोरीची गाठ चाचपली.

"ती बुरशी न्हाई वहिनी," ती म्हणाली. "साय हाय. शिरक्याची साय. ती धरली की तिच्याखाली शिरका होतोय. ती न्हाई धरली तर तसंच राहतंय, दारूचं दारू." मग वाकळीवरून हात फिरवत, "ती धरावी म्हणून तर वाकळ घातलो."

समोर कोणाची तरी गाडी लागत होती आणि वाहक गावांची नावं ओरडत होता. मला एक नाव कळलं नाही.

"मग सांगितलं का नाहीस आधी?" माझा आवाज मलाच चढलेला वाटला.

"फळ्यावर लिवलंय की. बुरशी दिसली की बरणी रिकामी. तुम्हा सगळ्यांस्नी बुरशीच वाटणार हुती ती. म्हणून तर मागच्या कोठीत ठेवलो, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला विचारलो होतो मी."

मी उठले. तिचा हात धरला. म्हटलं, चल परत, मी सरोजिनीबाईंना सांगते, आत्ता सांगते.

"काय सांगणार? काकूंनी चोरून बुरशी काढली? मग काकूंचं नाव पण पुसतील." तिने हात सोडवून घेतला, पण रागाने नाही. "दारू तर झालीच की. कुणामुळं झाली एवढंच सांगायचं राहतंय. त्यानं दादा काय ऐकणार हाय? त्याला घर हाय, पोरं हायत." इराप्पा तिकिटं घेऊन येताना दिसला तेव्हा ती घाईने म्हणाली, "काकूंस्नी सांगू नका. त्यांच्या हाताला गुण हाय म्हणून जगत्यात त्या."

गाडीत ती खिडकीशी बसली. वाकळ मांडीवर घेतली होती. मी हात केला. तिने पाहिलं की नाही कोण जाणे.

मी कोणालाच सांगितलं नाही. काकूंसाठी गप्प बसले, गौराने शब्द घेतला होता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळात गेल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर वही उघडली. तीन बरण्या, एक्कावन्न दिवस, 'स्वच्छ', सगळं माझ्या अक्षरात. सरोजिनीबाईंना सांगायचं तर आधी ती वही त्यांच्यापुढे ठेवावी लागली असती. मी ती मिटली आणि कपाटात ठेवली. नवी वही सुरू केली. इराप्पाच्या पत्त्यावर दोन कार्डं टाकली. उत्तर आलं नाही, तिसरं टाकलं नाही.

दुर्गाकाकू पुढे सात वर्षं लोणची घालत होत्या. मंडळात नवी बाई आली, तिची बरणी बिघडली, की काकू हमखास गौराची गोष्ट काढायच्या. पोर गुणी होती, नशीब वाईट, म्हणायच्या. आणि मग माझ्याकडे बघून, "पण आपण होतो म्हणून तेवढं तरी टिकलं. हो की नाही गं कुमुद? रोज साफ केलं नसतं तर पंधरा दिवसांत सडून गेलं असतं. निदान बुरशीचा डाग तरी लागू दिला नाही तिला."

"हो काकू," मी म्हणायचे. दरवेळी म्हणायचे. शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या खाटेवर त्या हे बोलल्या, तेव्हाही म्हटलं.

काकू गेल्या त्या वर्षी भाचीच्या लग्नाला मी बेळगावला निघाले होते. संकेश्वरच्या स्टँडवर गाडी थांबली आणि मी पाय मोकळे करायला उतरले. चहाच्या टपरीमागे बाकावर एक बाई बसली होती, शेजारी भाजीचं गाठोडं. मी ओळखलं नाही. तिने हाक मारली.

"वहिनी न्हवं?"

केस पुढून पांढरे झाले होते. पस्तिशीची असायला हवी होती. मी तिच्याजवळ बसले. मी मंडळाच्या बातम्या दिल्या. सरोजिनीबाई मुलाकडे पुण्याला गेल्या, सॉस बंद झाला, फळा काढला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काकू?"

"चैत्रात गेल्या."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "सांगितला न्हाईत न्हवं त्यांस्नी?"

"नाही."

"बरं केलासा."

वाहकाने घंटी वाजवली. माझ्या पिशवीत लग्नघरी द्यायला नेलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी होती, काकूंच्या हातची शेवटची. मी ती काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने दोन्ही हात पुढे केले आणि बरणी तळव्यांमध्ये धरली, परातीतून उचललेला गोळा धरावा तशी. काही बोटं बरणीवर वळली नाहीत. डाव्या हाताची करंगळी मला माहीत होती. तिच्या शेजारचं बोट आणि उजव्या हाताचं मधलं, ही मला माहीत नव्हती.

माझी नजर तिथे गेली, आणि गेलेली तिने बघितली.

"मोजू नका वहिनी," ती म्हणाली. "गाडी सुटतेय तुमची."